आमदाराने प्रश्न नाही विचारायचे तर कोणी विचारायचे?

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक वाद चाललाय आणि तो ज्या पद्धतीने चाललाय ते बघून लिहायला बसलोय. एका बाजूचे कार्यकर्ते नेत्याचा फोटो टाकतात आणि खाली आकडा, भाऊंनी अधिवेशनात एवढे तारांकित (म्हणजे मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचे) प्रश्न विचारले, एवढ्या लक्षवेधी सूचना लावल्या. दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर येतं, "निरा प्रश्नच इचारते का हा? आमचा पांदण रस्ता त अजून चिखलातच हाये." मग आकड्यावर आकडा, रस्त्यावर रस्ता, आणि शेवटी गाडी जातीवर. पण एकाही माणसाने हे विचारलं नाही की बाबा तो प्रश्न नेमका होता काय आणि सरकारने त्याचं उत्तर काय दिलं. माझं म्हणणं सरळ आहे. कायदा आणि धोरण यावर सरकारला लेखी प्रश्न विचारणं हे आमदार-खासदाराचं मुख्य काम आहे, रस्ता, सभामंडप, हायमास्ट हे सगळं त्याच्या नंतर. आणि ते काम चांगलं झालं की नाही हे संख्येवरून ठरत नाही, प्रश्नात काय विचारलं आणि उत्तर आल्यावर पुढे काय केलं यावरून ठरतं. विदर्भातल्या खेड्यातल्या माणसाने हे विसरलं तर सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच आहे.

आता रस्ता मागणाऱ्या माणसाची बाजू आधी घेतो, कारण ती खरी आहे. पावसाळ्यात पांदणीतून बंडी निघत नाही, कापूस घरी आणता येत नाही, गर्भार बाईला खाटेवर टाकून डांबरीपर्यंत न्यावं लागतं, अशा माणसाला तुम्ही विधिमंडळाचे नियम काय सांगणार? शिवाय तो आमदाराकडे जातो याला कारण आहे. गावाकडचे रस्ते, शाळेच्या खोल्या, दवाखाना हे काम जिल्हा परिषदेचं, आणि राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषदांवर २०२२ पासून प्रशासक बसले, म्हणजे जिच्या दारात जायचं ती मेंबरच उरली नाही. उरला आमदार, त्याच्याकडे वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी, तो कुठे खर्च झाला ते दिसतं, त्यावर नावाचा बोर्ड लागतो. प्रश्नाला बोर्ड लागत नाही. त्यामुळे लोक बोर्डाकडे बघतात यात त्यांचा दोष मी काढणार नाही. पण हिशोब तर करा. एका मतदारसंघात शेदोनशे गावं, पाच कोटी त्यात वाटले तर एकेका गावाला अडीच ते पाच लाख येतात, तेवढ्यात पांदणीचा एक तुकडा होईल. आणि सरकार वर्षाला लाखो कोटींचं बजेट खर्च करतं, पीक विमा, कर्जमाफी, सिंचन, नुकसान भरपाई, हे सगळं त्यातून जातं, आणि ते कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही हे मुंबईत निघणाऱ्या एखाद्या शासन निर्णयातल्या एका ओळीने ठरतं. त्या ओळीवर बोट ठेवायचा अधिकार आपण ज्याला निवडून दिला त्यालाच फक्त आहे. तो अधिकार वापरायचा सोडून त्याने भूमिपूजनं करत फिरावं असं आपणच म्हणतो?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना हे फार स्वच्छ सांगितलंय. अमेरिकेसारखी पद्धत घ्यायची की इंग्लंडसारखी, असा मुद्दा होता. त्यांचं म्हणणं असं की एका पद्धतीत स्थिरता जास्त आहे, दुसरीत जबाबदारी जास्त आहे, आणि आपण जबाबदारी निवडतोय. मग पुढे ते सांगतात की संसदीय पद्धतीत सरकारच्या जबाबदारीची तपासणी दोन वेळा होते, एक ठराविक काळाने म्हणजे निवडणुकीत, ती मतदार करतो, आणि दुसरी रोजच्या रोज, ती सभागृहातले सदस्य करतात, आणि ती कशाने करतात तर प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वास आणि तहकुबीच्या प्रस्तावांनी. यादीत पहिलं नाव प्रश्नाचं आहे. म्हणजे पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं काम आपलं आणि मधल्या सगळ्या दिवसांचं काम त्याचं. ते मधले दिवस रिकामे गेले तर निवडणुकीत आपण कशावरून ठरवणार?

एक उदाहरण घेतो, आमच्या भागाच्या काळजाचं आहे. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातली ३७३ प्रकरणं मदतीला पात्र ठरली, २०० अपात्र, आणि १९४ चौकशीत. हा आकडा कुठून आला? कोण्या पेपरवाल्याने गावोगाव फिरून मोजला नाही, मंत्र्यांनी विधिमंडळात लेखी उत्तरात दिला, म्हणजे कोणीतरी विचारला म्हणून आला. आता यातला ७६७ सगळ्यांनी वाचला, हेडलाईन झाली, दोन दिवस हळहळ झाली. पण माझ्या मते त्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा २०० आहे. दोनशे घरांत माणूस गेला आणि सरकारने सांगितलं की तुमचं मरण आमच्या निकषात बसत नाही. निकष कुठले? २३ जानेवारी २००६ चा शासन निर्णय. त्यात एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. आणि मदत कोणाला, तर नापिकी झालेली पाहिजे, कर्ज राष्ट्रीयकृत किंवा सहकारी बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं पाहिजे, ते फेडता न आल्याने तगादा पाहिजे, आणि सातबारा घरातल्या कोणाच्या तरी नावावर पाहिजे. आता आमच्याकडे गावात जरा फिरून बघा. मक्त्याने, बटईने वावर करणारे किती आहेत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही पण बी-बियाणं, खत, फवारणी, सोंगणी सगळं त्यांच्या अंगावर? बँकेचं थकलं म्हणून नवं पीककर्ज नाही, मग कृषी केंद्रवाल्याची उधारी, गावातल्या कोणाकडून महिन्याला शेकडा पाचने पैसे, त्याला कुठला आलाय परवाना? ज्याची अडचण सगळ्यात मोठी तोच निकषाच्या बाहेर. हे रस्ता बांधून सुटणार आहे का? हे फक्त सरकारला लेखी विचारून, त्या ओळीवर बोट ठेवूनच हलवता येतं.

आणि बघा, एक प्रश्न नीट विचारला की त्याच्यातून दुसरा निघतो. अपात्र ठरलेल्या दोनशेपैकी किती जणांचं कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं हे कळलं की पुढचा प्रश्न कायद्याचा येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे, त्याच्या कलम १८ मध्ये अवैध सावकारीत बळकावलेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची सोय आहे, अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे करायचा. कायदा चांगला आहे. पण आपल्या जिल्ह्यात किती अर्ज आले, किती फेटाळले, किती हेक्टर जमीन खरंच परत मिळाली, आणि परत मिळाल्याचा आदेश निघाल्यावर ताबा किती जणांना मिळाला, हे दरवर्षी कोणी विचारतं का? ज्या कायद्याचा हिशोब कोणी मागत नाही तो कायदा कपाटात राहतो.

दुसरं उदाहरण २०१७ चं. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, डोळे गेल्याच्या तक्रारी होत्या. नेते आले, भेटी झाल्या, मदत जाहीर झाली, एसआयटी बसली. सरकारने पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली, किती दिवसांची? साठ. लोक तेव्हा संतापले, म्हणाले सरकार कंपन्यांना घाबरतं. असेलही. पण कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आहे, केंद्राचा आहे, आणि त्याच्या कलम २७ मध्ये राज्याला अशी तात्पुरतीच बंदी घालता येते, कायमची बंदी केंद्राच्या हातात. म्हणजे यवतमाळचा मजूर मेला तरी औषध कायमचं बंद करायचा अधिकार मुंबईला नाही. हे किती लोकांना माहीत होतं? जो आमदार "विषबाधेबाबत शासन काय करत आहे" एवढंच विचारतो त्याला "एसआयटी नेमली आहे" एवढंच उत्तर मिळतं. पण जो विचारतो की राज्याने कायमच्या बंदीसाठी केंद्राला पत्र पाठवलं का, कोणत्या तारखेला, केंद्राचं उत्तर काय आलं, त्याच्यापुढे सरकारला कागद ठेवावा लागतो. आणि तोच धागा धरून खासदाराने दिल्लीत विचारायचं. नवीन कीटकनाशक विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं होतं, पास झालंच नाही. शेतमजूर तोंडाला फडकं बांधून तसाच फवारतोय. हा विषय लोकसभेत आणि राज्यसभेत दर अधिवेशनात लेखी यायला नको?

विरोधातला दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे, तो म्हणजे उत्तरंच पोकळ असतात. हे मी शंभर टक्के मान्य करतो. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी वाचल्यात त्यांना ती भाषा पाठ असेल. प्रश्न, "हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तर, "हे अंशतः खरे आहे." "माहिती घेण्यात येत आहे." "प्रश्न उद्भवत नाही." माणूस चिडतो, म्हणतो हे कशाला वाचायचं. दिल्लीतही तेच, लॉकडाऊनमध्ये पायी गावाकडे निघालेले किती मजूर वाटेत मेले असं सप्टेंबर २०२० मध्ये विचारलं तर लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. पण त्या उत्तराने काय झालं ते आठवा. सरकारने मजुरांची मरणं मोजलीच नाहीत हे सरकारच्याच सहीने कायमचं नोंदलं गेलं, आणि देशभर बोभाटा झाला. पोकळ उत्तर हा सुद्धा पुरावा असतो. मंत्री भाषणात काय बोलला ते तो उद्या नाकारेल, सभागृहात लेखी दिलेलं त्याला नाकारता येत नाही, खोटं दिलं तर हक्कभंगाची नोटीस देता येते, "चौकशी करू" म्हणाला तर ते सभागृहाच्या आश्वासन समितीच्या वहीत चढतं. फक्त त्या वहीचा पाठपुरावा करणारा माणूस पाहिजे.

आणि उत्तर पोकळ राहणं किंवा न राहणं हे बरंचसं उपप्रश्नावर, म्हणजे उत्तर आल्यावर तिथेच विचारलेल्या पुढच्या प्रश्नावर ठरतं, हे इंग्रजांना आपल्याआधी कळलं होतं. १८९२ च्या कायद्याने त्यांनी कौन्सिलातल्या हिंदी सदस्यांना प्रश्न विचारू दिले, पण उपप्रश्न नाही. एकदा विचारा, जे उत्तर येईल ते ऐका, बसा. १९०९ साली उपप्रश्नाची मुभा दिली ती फक्त ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. इतर सदस्यांना ती मिळाली १९१९ च्या सुधारणांनंतर. एवढ्याशा हक्कासाठी सत्तावीस वर्षं का लावली असतील त्यांनी? कारण पहिलं उत्तर सचिव लिहून देतो, दुसऱ्या प्रश्नाला मात्र समोरच्याला स्वतः उभं राहावं लागतं. आणि आमच्या नागपूरचा इतिहास तर अजून अभिमानाचा आहे. १९२३ च्या निवडणुकीत, नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळालं आणि १९२४ च्या बजेटात त्यांनी मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. त्या लोकांकडे ना निधी होता ना ठेके, ना बदल्या करायची ताकद. सभागृहाचे नियम पाठ होते आणि ते वापरायची हिंमत होती, एवढ्यावर त्यांनी सरकार अडवलं. आज त्याच शहरात अधिवेशन भरतं तेव्हा आपण आपल्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवतो, मंत्र्यासोबत फोटो आणि कामाच्या पत्रावर शेरा?

तिसरा मुद्दा प्रश्नांच्या धंद्याचा. लोक म्हणतात की प्रश्न टाकतात ते अधिकाऱ्याला नाहीतर ठेकेदाराला घाबरवायला, मग मागे घेतात, सेटिंग होते. असं होतं हे नाकारायला मी काय डोळे मिटून बसलोय का. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारतात म्हणून अकरा खासदारांना संसदेने काढून टाकलं, दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. आणि संख्या वाढवण्यासाठी दुसऱ्याच्या प्रश्नाखाली सही करणारे, मागच्या अधिवेशनातलाच प्रश्न तालुक्याचं नाव बदलून टाकणारे, हेही आहेत. म्हणूनच संख्येचं कार्ड टाकणाऱ्यांवर माझा राग आहे, ते या कामाचीच किंमत कमी करतात. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ज्याला किंमत नसते ते पैसे देऊन कोणी विकत घेत नाही. प्रश्नात ताकद आहे हे ठेकेदाराला कळतं, दलालाला कळतं, अधिकाऱ्याला कळतं, फक्त मतदाराला कळत नाही आणि म्हणून तो बाजार चालतो. ती ताकद नीट वापरली की काय होतं तेही देशाने पाहिलंय, एलआयसीने मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली त्याबद्दल १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आला, उत्तराने समाधान झालं नाही म्हणून फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला, ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, तरी सोडलं नाही. न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. सत्ताधारी आमदाराने प्रश्न कशाला विचारायचे, आपलंच सरकार आहे, असं जे म्हणतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तालुक्याच्या कार्यालयातल्या लोकांचीही तक्रार असते. अधिवेशन आलं की एलएक्यू, एलएक्यू (म्हणजे विधानसभेतला प्रश्न) करत वरून फोन, आजच्या आज माहिती पाठवा, तलाठी, कृषी सहायक सगळे फिल्डवरची कामं टाकून तक्ते भरत बसतात. त्रास खरा आहे. पण जी माहिती एका रात्रीत गोळा करावी लागते ती वर्षभर कोणीच ठेवत नव्हतं असाच त्याचा अर्थ होतो ना? काही शहाणे म्हणतात आता माहिती अधिकार आहे, आमदाराची गरज काय. माहिती अधिकारात फाईलवर जे आहे तेवढंच मिळतं, "का केलं नाही" याचं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. शिवाय २००५ च्या त्या कायद्यात एक सुंदर वाक्य होतं, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच बदललं आणि ते वाक्य गेलं. म्हणजे आपला दरवाजा अरुंद झाला, आता आमदाराच्या दरवाज्यातूनच जास्त यावं लागेल.

विदर्भाला तर हे दुप्पट लागू आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात हे ठरलं, संविधानाच्या ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद झाली, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. मंडळं १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. त्या मंडळांनी फार काही दिवे लावले असं मी म्हणत नाही, पण अनुशेषाचा, म्हणजे राहून गेलेल्या विकासाचा आकडा दरवर्षी सभागृहात यायची एक वाट होती ती बंद झाली. नागपूरचं अधिवेशन २०२० आणि २०२१ मध्ये मुंबईतच झालं. २०२४ मध्ये १६ ते २१ डिसेंबर एवढंच चाललं, आणि मंत्र्यांना खाती मिळाली ती २१ तारखेला, शेवटच्या दिवशी. ज्या मंत्र्याला आपलं खातं माहीत नाही तो प्रश्नाचं काय उत्तर देणार? यावर विदर्भाने पेटून उठायला पाहिजे होतं. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात चर्चा कशाची, तर कोणाला मंत्रिपद मिळालं आणि कोणाचं हुकलं. गोसीखुर्दचा धरण प्रकल्प १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, आता अठरा हजार कोटींच्या वर गेला, प्रत्येक सुप्रमा, म्हणजे वाढीव खर्चाची सुधारित प्रशासकीय मान्यता, कोणत्या कारणाने झाली आणि त्या वाढीव पैशात किती हेक्टर प्रत्यक्ष भिजलं हे सोप्या तक्त्यात दरवर्षी मागून घ्यायला कोणी अडवलंय?

तेव्हा प्रश्न आमदाराला गावानेच पुरवावे असं माझं मत आहे. त्याच्या पीएकडे वाचणारी-लिहिणारी चार माणसं नसतात, आणि प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, म्हणून हे काम दिवाळीच्या आधी व्हायला पाहिजे. निवेदन देतो तसं मोघम नाही, थेट प्रश्नाच्या नमुन्यात लिहून द्यावं, कोणत्याही पक्षाचा असो. नागपूरच्या पुढच्या अधिवेशनासाठी मी माझ्यापुरता एक तयार केलाय, ज्याला पाहिजे त्याने घ्यावा. मागच्या तीन वर्षांत शेतकरी आत्महत्येची अपात्र ठरलेली प्रकरणं जिल्हानिहाय किती. त्यातली सातबारा नसल्यामुळे किती, कर्ज बिनपरवाना सावकाराचं असल्यामुळे किती, नापिकीचा दाखला नसल्यामुळे किती. त्या सावकारांवर २०१४ च्या कायद्याखाली गुन्हे किती दाखल झाले. मक्त्याने आणि बटईने शेती करणाऱ्यांना निकषात घ्यायचा प्रस्ताव शासनाकडे आहे का. आणि शेवटचा भाग त्या एक लाखाचा, २००६ पासून ही रक्कम का वाढली नाही, वाढवायचा प्रस्ताव वित्त विभागाकडे कधी गेला होता का, गेला असेल तर कोणत्या तारखेला आणि कोणत्या शेऱ्यासह परत आला.